चिखलासकट वजन

दारातूनच व्हर्लीन टॉलिव्हरला मळमळायला लागलं. हॅवरली गावातली ही जुनी बँक. दगडी खांब, पितळी कठडे, आत पांढरी फरशी. बँक बुडून बरीच वर्षं झाली. आता तिथे गांजाचं दुकान होतं, रीतसर सरकारी परवान्याचं. गावातली माणसं मात्र अजून 'जरा बँकेत जाऊन येतो' असंच म्हणायची आणि आपल्याच विनोदावर हसायची.

"हा वास आज माझ्या केसांत बसणार बघ," डोरेथा कुरकुरली. डोरेथा तिची मावसबहीण. दोघी शेजारच्या जिल्ह्यात, नदीकाठच्या ओल्ड पोर्टला, एकाच घरात राहायच्या. "कालच पैसे मोजून केस करून घेतलेत मी."

"मग थांब बाहेर गाडीत."

"आणि तुला एकटीला सोडू या लोकांत? चल, पुढे हो."

त्या शनिवारी दुकानाने मेळावा भरवला होता. ज्यांना पूर्वी गांजापायी शिक्षा झाली त्यांनी यायचं, फुकटात वकील मिळणार, आणि कोर्टाच्या दप्तरातली शिक्षेची नोंद पुसून टाकण्याचा अर्ज तिथल्या तिथे करून मिळणार. बाहेर मोठा फलक होता, 'नवी सुरुवात'. आत शिरणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक हिरवी पिशवी दिली जात होती. डोरेथाने लगेच ती उघडून बघितली. एक टोपी, पानाच्या आकाराचं बिस्कीट, आणि साबणाची वडी.

"साबण?" डोरेथा म्हणाली. "आम्ही काय पारोशे आलोय इथे?"

व्हर्लीनने आपली पिशवी काखेत मारली. तिला काम करून घ्यायचं होतं आणि घरी जायचं होतं. वयाच्या बावन्नाव्या वर्षी तिला पहिल्यांदाच एक नोकरी मनापासून हवीशी वाटत होती, ओल्ड पोर्टच्या प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरातली. दुपारी दोनला सुट्टी, उन्हाळ्यात सुट्टी, वर आजारपणाचा विमा. आजवर ती मासे तळणाऱ्या हॉटेलात उभी राहिलेली. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गरम तेलाने भाजल्याचे डाग, गुडघे गेलेले. शाळेच्या स्वयंपाकघराची प्रमुख बोटराइटबाई तिच्याच चर्चमधली. तिने व्हर्लीनच्या हातची मऊ, पावासारखी बिस्किटं आणि ग्रेव्ही खाल्ली होती आणि स्वतःहून बोलावलं होतं. "फक्त तुझी मागची माहिती तपासतील हं, सगळ्यांचीच तपासतात," ती म्हणाली होती. ओल्ड पोर्टमध्ये डोरेथा सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं की तपासलं तर काय निघेल.

निघणार होतं ते असं. व्हर्लीन तेवीस वर्षांची असताना हॅवरलीच्या सरकारी चाळीत आईबरोबर राहायची. तिचा तेव्हाचा मित्र रूफस याने त्यांच्या न्हाणीघरात बादल्यांमधून गांजाची रोपं लावली होती. हिने नको म्हटलं, त्याने ऐकलं नाही, आणि हिनेही पुढे तोंड मिटून घेतलं. पोलीस आले तेव्हा रूफस मागच्या खिडकीतून पसार झाला, तो थेट मेम्फिसला. पोलिसांनी रोपं मुळासकट उपटली आणि कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांत कोंबली. मुळांना चिकटलेली ओली माती निथळत होती, न्हाणीघरापासून दारापर्यंत चिखलाची रांग लागली होती. त्या पिशव्या तशाच काट्यावर चढल्या. वजन अर्ध्या किलोच्या पुष्कळ वर गेलं. पानं सगळी मिळून तिच्या ओंजळीत मावली असती. पण कोर्टात उभं राहिलं ते चिखलासकट वजन, आणि तेवढं वजन म्हणजे विकायला ठेवलेला माल.

सरकारी वकील होता लॉयल हॅमरिक. तरणाबांड, पिवळ्या टायचा, निवडणुकीला उभा राहिलेला. तो ज्यूरीपुढे हिच्याकडे बोट करून म्हणाला होता, "आपल्या गावाला लागलेली कीड बघायची असेल तर ही बघा." व्हर्लीनला वर्षभराचा तुरुंगवास झाला. घरात गांजा सापडला की घर खाली, या नियमावर बोट ठेवून चाळीच्या ऑफिसने तिच्या आईला घराबाहेर काढलं. आई कुणाकुणाच्या घरी कोचावर झोपत राहिली आणि व्हर्लीन सुटायच्या आधीच गेली. तिच्या अंत्यविधीला मुलीला सोडलं नाही.

आता एका लांबलचक टेबलामागे कोलीन नावाची कायद्याची विद्यार्थिनी बसली होती. तिने संगणकावर केस उघडली, आणि तिचा चेहरा जरा पडला.

"मिस व्हर्लीन, वजन कमी असतं ना, तर आज अर्ज केला की झालं असतं. तुमचं वजन जास्त दाखवलंय. तुम्हाला न्यायाधीशांपुढे जावं लागेल. आणि सरकारी वकिलाने हरकत घेतली तर अवघड आहे."

"तो चिखल होता, पोरी."

"काय?"

"वजन. चिखलाचं होतं ते."

कोलीनने तिच्याकडे बघितलं. पोरगी मनाने चांगली होती. "मला खरं वाटतंय तुमचं," ती हळूच म्हणाली. "पण कागदावर तसं कुठेच नाहीये."

तेवढ्यात हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. माइकवर एक गुबगुबीत, पांढऱ्या केसांचा माणूस आला होता. दुकानाचा भागीदार. व्हर्लीनने आवाज लगेच ओळखला. तीस वर्षांत टाय गेला होता, दोन हनुवट्या आल्या होत्या, पण आवाज तोच, मधात घोळवलेला.

"मित्रहो," लॉयल हॅमरिक म्हणत होता, "आपल्या समाजाने पूर्वी काही चुका केल्या. कुणाला दोष द्यायची ही वेळ नाही. ही जखमा भरायची वेळ आहे."

"हाच का तो?" डोरेथाने विचारलं.

"हाच."

"अरे देवा. आधी विकणाऱ्यांना आत घातलं आणि आता स्वतः विकायला बसला? याला लाज कशी वाटत नाही गं?"

"हळू बोल."

"मी का हळू बोलू? तो माइकवर बोलतोय!"

भाषण संपल्यावर टिन्सली नावाची मुलगी त्यांच्याकडे आली. दुकानाच्या जाहिराती ती बघायची. दात इतके पांढरे की बघवत नव्हते. कोलीनकडून तिने ऐकलं होतं की हॅमरिकसाहेबांच्याच काळातली एक केस आलीय.

"किती सुंदर योगायोग आहे हा!" टिन्सली म्हणाली. "तुम्ही दोघं, इतक्या वर्षांनी! मिस व्हर्लीन, साहेबांबरोबर एक फोटो काढाल? साहेब तुमच्यासाठी पत्रसुद्धा देतील. आत्ताचे सरकारी वकील त्यांच्याच हाताखाली तयार झालेत. साहेबांनी एक शब्द टाकला की..." पुढचं तिने नुसत्या हसण्यावर सोडून दिलं.

हॅमरिक आला. त्याने तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. हात गरम, ओलसर, आणि तोंडाला पेपरमिंटचा वास.

"व्हर्लीन! कशी आहेस?"

त्याला ती आठवत नव्हती. नाव त्याने छातीवरच्या चिकटपट्टीवर वाचलं होतं. व्हर्लीनला हे जास्त लागलं. तीस वर्षं तिने या माणसाचा चेहरा छातीवर धोंडा ठेवावा तसा वागवला होता, आणि त्याच्या डोक्यात तिच्यासाठी तसूभर जागा नव्हती.

"मिस्टर हॅमरिक," ती म्हणाली, "माझ्या केसमधलं वजन चिखलाचं होतं. ओली रोपं मुळासकट तोलली होती. तेवढं पत्रात लिहा."

तो मोकळेपणाने हसला. "अगं, तेव्हा सगळ्यांचंच तसं तोलायचे. पोलिसांनी काय एकेक पान धुऊन, वाळवून बसायचं होतं?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत काय असायचंय त्यात!" त्याने तिच्या खांद्यावर थोपटलं. "ते मला लिहिता येणार नाही, व्हर्लीन. एकीचं लिहिलं तर त्या काट्यावरच्या बाकीच्या शंभर केसेस उकरल्या जातील. मी असं लिहितो की, ही बाई सुधारली, कष्टाने उभी राहिली, मी स्वतः हमी देतो. बास ना? काम तर तुझं होतंय."

डोरेथाने तिचा कोपर धरला. "चल इथून," ती दातांतून म्हणाली. "याच्या हमीवर थुंक आणि चल."

व्हर्लीन उभी राहिली. तिला बोटराइटबाईचं स्वच्छ स्वयंपाकघर दिसत होतं, ते भलेमोठे भट्टीचे कप्पे, दुपारी दोन वाजता रिकामी होणारी पार्किंगची जागा. "फोटो कुठे लावणार?" तिने टिन्सलीला विचारलं.

"इथे भिंतीवर, आमच्या मेळाव्याच्या आठवणी म्हणून. आणि असंच, इकडेतिकडे."

टिन्सलीने पुढे केलेल्या टॅबच्या काचेवर व्हर्लीनने फोटोच्या परवानगीची सही बोटाने केली. हॅमरिकने तिच्या खांद्यावर हात टाकला, जवळ ओढलं, आणि टिन्सली म्हणाली, "थोडं हसा ना, मिस व्हर्लीन! आनंदाचा दिवस आहे!"

ती हसली.  घरी आल्यावर व्हर्लीनने अंगावरचा ब्लाउज काढला, त्याच्या खांद्याचा वास घेतला आणि तो धुवायला न टाकता सरळ कचऱ्यात टाकला.

सुनावणी हिवाळ्यात झाली. न्यायाधीश नवा होता, घाईत होता. त्याने हॅमरिकचं पत्र वाचलं, मान हलवली. सरकारी वकील म्हणाला, हरकत नाही. "तुम्हाला पश्चात्ताप झालाय का?" न्यायाधीशाने विचारलं.

व्हर्लीनला चिखलाची गोष्ट सांगायची होती. कोलीन शेजारी उभी होती. तिने आधीच बजावलं होतं, आज इतिहास काढू नका, मिस व्हर्लीन, आज फक्त हो म्हणा.

"हो, साहेब," व्हर्लीन म्हणाली.

"उत्तम." आणि नोंद पुसली गेली. पुढच्या केसचा पुकारा झाला.

कोर्टाच्या पायऱ्यांवर कोलीनने तिला मिठी मारली. "आता कुणी विचारलं, तुम्हाला कधी शिक्षा झाली होती का, तर तुम्ही खुशाल नाही म्हणू शकता. खोटं नाही ते. कायद्याच्या दृष्टीने ते घडलंच नाही."

व्हर्लीनला आईची आठवण आली. तेही घडलं नाही का, असं विचारावंसं वाटलं. पण पोरीचा चेहरा इतका फुलला होता की तिने नुसतेच आभार मानले.

नोकरी मिळाली. ते दोन महिने व्हर्लीनच्या आयुष्यातले बरे महिने होते. सकाळी सहाला भट्टी पेटवायची, पावाचं पीठ मळायचं, साडेअकराला पोरांची झुंबड. "मिस व्हर्लीन, मला मॅकरोनी करपलेल्या बाजूची!" "मिस व्हर्लीन, मटार नको, प्लीज, मी मरीन मटार खाल्ले तर!" "नाही मरत. माझ्या हातचे खाऊन अजून कुणी मेलं नाही." तिचे गुडघे दुखायचे, पण रात्री झोप लागायची.

मार्चमधल्या एका संध्याकाळी डोरेथा दुकानातून परत आली ती दूध, अंडी काहीच न आणता. कोट न काढता स्वयंपाकघरात उभी राहिली.

"काय झालं?"

"बस गाडीत. मला सांगता येणार नाही. बघच तू."

हायवे ओल्ड पोर्टमध्ये शिरतो तिथे, पुलाच्या अलीकडे, मोठा जाहिरातीचा फलक आहे. कालपर्यंत तिथे दाताच्या डॉक्टरची जाहिरात होती. आज तिथे व्हर्लीन होती. दुमजली घराएवढी. खांद्यावर हॅमरिकचा हात, चेहऱ्यावर ते जबरदस्तीचं हसू. वर लिहिलं होतं, 'तेव्हा गजाआड. आज आमच्या परिवारात.' खाली दुकानाचं नाव, पानाची खूण, आणि, 'ओल्ड पोर्टमध्ये लवकरच.'

मागून ट्रक भोंगे वाजवत होते. डोरेथाने गाडी कडेला घेतली. व्हर्लीन दार उघडून उतरली आणि गवतात ओकली.

ज्या गोष्टीची कोर्टात आता एक ओळही शिल्लक नव्हती, ती सगळ्या गावाला, पुलावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला दिसेल अशी टांगली होती. आणि पुसून घेण्यासाठी जे मोल दिलं, त्यातूनच ती टांगली गेली होती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या रांगेत तिसरीतली एक मुलगी, केसांत मणी ओवलेली, ताट पुढे करत म्हणाली, "मिस व्हर्लीन, तुम्ही हायवेवर आहात! माझे बाबा म्हणाले तुम्ही जेलमध्ये होतात."

व्हर्लीनच्या हातातला डाव तसाच राहिला. "ताट नीट धर, सांडेल," ती म्हणाली.

शुक्रवारी बोटराइटबाईने तिला कोठीत बोलावलं. बाई बिचारी कानकोंडी झाली होती. "तुझी पाटी कोरी आहे, मला माहितीय, मी स्वतः बघितलीय. तू काही लपवलं असं कुणी म्हणू शकत नाही. पण फोन येताहेत गं. गांजाच्या दुकानाची बाई पोरांना जेवण वाढते म्हणून. तुला काढत नाहीये मी. फक्त थोडे दिवस मागे भांडी धुवायला जाशील का? पोरांना दिसणार नाहीस अशी?"

"दिसणार नाही अशी," व्हर्लीन म्हणाली. "हायवेवर दिसले तरी चालतंय, इथे नाही."

"माझ्यावर रागावू नकोस."

"तुमच्यावर नाही, बाई."

ती एप्रन सोडून सरळ हॅवरलीला गेली. हॅमरिकचं ऑफिस बँकेच्या वरच्या मजल्यावर होतं, पूर्वी मॅनेजर बसायचा तिथे. गालिचा, चामड्याच्या खुर्च्या, टेबलावर काचेच्या वाडग्यात पेपरमिंटच्या गोळ्या. आणि त्या सगळ्यात खालून झिरपत आलेला तो वास.

"व्हर्लीन! बघितलंस का? काय झकास आलीयेस!"

"उतरवा ते."

"अगं, लोकांना भावतंय. विक्री वाढलीय. तुझ्यासारख्या कितीजणांना धीर येतोय..."

"मी हे गाव सोडून गेले तीस वर्षांपूर्वी, कारण तुम्ही मला कीड म्हणालात. भर कोर्टात. ते तुम्हाला आठवतही नाही. दुसऱ्या गावात मी नाव कमावलं. नोंद पुसायला तुमच्याकडे आले, आणि तुम्ही माझी बदनामी रंगवून रस्त्यावर लावली. उतरवा."

हॅमरिक खुर्चीत मागे टेकला. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता कंटाळा. "तू सही केलीयेस. जागा जूनपर्यंत भाड्याने घेतलीय. हवं तर असं करू, ओल्ड पोर्टचं दुकान उघडलं की तुला तिथे काउंटरवर घेऊ. शाळेपेक्षा जास्त पगार. लोक तुला ओळखतातच आता."

त्याने गोळ्यांचा वाडगा तिच्याकडे सरकवला. "घे."

व्हर्लीन पुढे झाली आणि त्या वाडग्यात थुंकली. आयुष्यात ती कुणाच्या अंगणातसुद्धा थुंकली नव्हती. आईने तसं वाढवलंच नव्हतं. थुंकी त्या पांढऱ्या-लाल गोळ्यांवरून हळूहळू खाली ओघळली, आणि दोघंही क्षणभर तिच्याकडेच बघत राहिली.

हॅमरिकने रुमालाने वाडगा दूर केला. "तुझी पाटी आत्ताच कोरी झालीय," तो शांतपणे म्हणाला. "उगीच तिच्यावर पहिलं अक्षर काढायला लावू नकोस. जा घरी."

या वाक्यात तो तीस वर्षांपूर्वीचा पिवळ्या टायवाला तिला पुन्हा लख्ख दिसला. कुठेही गेला नव्हता तो. ती घरी गेली.

पोलीस आले नाहीत. फलक राहिला. व्हर्लीनने एप्रिल आणि मे मागच्या खोलीत, वाफेत, ताटं धुण्यात काढले. नोकरी सोड म्हणून डोरेथा रोज मागे लागायची, आणि रोज ही म्हणायची, "विमा कोण देणार, तू?" पूल टाळून ती लांबच्या रस्त्याने जायची. चर्चमध्ये लोक तिच्याशी जास्तच गोड वागू लागले, आणि तेही तिला सोसवेना. एका बाईने तर हळूच विचारलं, दुकान उघडल्यावर आपल्याला काही सूट मिळेल का. व्हर्लीन आंघोळीला जास्त वेळ लावू लागली. खांद्यावर जिथे तो हात पडला होता ती जागा ती अजून घासायची.

जूनमध्ये फलक बदलला. कुणाला लाज वाटली म्हणून नव्हे, मुदत संपली म्हणून. आता तिथे एक म्हातारा होता, फुलाफुलांच्या शर्टातला, हातात काठी, आणि खांद्यावर तोच हात. नाव लिहिलं होतं, एलरॉय.

"मी याला शोधणार," व्हर्लीन म्हणाली. "याला सांगायला हवं. यालाही असंच फसवलं असणार. एकटीने काही झालं नाही, दोघं मिळून कोलीनला सांगू, काहीतरी करता येईल."

डोरेथाने चौकशा केल्या. एलरॉय हॅवरलीजवळच्या वस्तीत राहायचा. रविवारी चर्चनंतर दोघी गेल्या. तो न्हाव्याच्या दुकानाबाहेर बाकावर बसला होता, तोच फुलांचा शर्ट घालून, भोवती तीन-चार माणसं. त्याने व्हर्लीनला लांबूनच ओळखलं आणि काठी टेकत उठला.

"अरे, ही बघा माझी बहीण! माझ्या आधीची! या, या, बसा. कुणीतरी या बायांना थंड आणा रे!" त्याला पुढचे दात नव्हते, त्यामुळे हसू तोंडभर पसरायचं. "काय सांगू तुम्हाला, बाई. सहा वर्षं आत होतो मी. बाहेर आल्यावर माझी पोरगी मला दारात उभं करेना. आता काल फोन आला तिचा. म्हणते, डॅडी, तुमचा फोटो बघितला, रुबाबदार दिसता. नातवंडांना घेऊन येतेय बघायला!"

"तुमचं वजन किती लावलं होतं?" व्हर्लीनने विचारलं.

"कसलं वजन?"

"मालाचं."

"सोडा हो, ते कोण आठवतंय! तो हॅमरिकसाहेब देवमाणूस आहे. माझ्यासाठी पत्र लिहिलं त्याने, स्वतःच्या हाताने. आणि हा शर्टसुद्धा दिला."

डोरेथाने तोंड उघडलं, पण व्हर्लीनने तिचा हात दाबला. कुणीतरी दोन गार बाटल्या आणून दिल्या. एलरॉय समोर उभा, उत्तराची वाट बघत, लहान पोरासारखा.

"फोटो छान आलाय तुमचा," व्हर्लीन म्हणाली.

"आलाय ना?"

"हो. शर्ट उठून दिसतो."

त्याने समाधानाने मान डोलवली आणि तो भोवतीच्या माणसांना सांगायला वळला की हायवेवरच्या बाईने स्वतः येऊन सांगितलंय. व्हर्लीनने बाटलीतला एक घोट घेतला. तो गिळायला तिला फार वेळ लागला.